केळसकर सर आणि माझा डोलता डबा

आदरणीय श्री. मनोहर केळसकर सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने जो फॉर्म पाठवला, त्यात नाव, पदवी, बॅच आणि सध्याचा हुद्दा असे चार रकाने होते. नाव लिहिलं, हरेश कोळी. हुद्दा लिहिला, क्रेन ऑपरेटर. मधले दोन रकाने कोरे ठेवले. आठवीनंतर मी शाळेत गेलो नाही, आणि सरांच्या क्लासमध्ये माझं नाव कधी नव्हतं. या ग्रंथात लिहिणारे बाकीचे सगळे इंजिनिअर आहेत, काही तर स्वतः प्राध्यापक आहेत. त्यांच्यात मी कसा, हे सांगायलाच हा लेख. ओमानमधल्या एका बंदरात, सुट्टीच्या शुक्रवारी बसून, फोनवर बोलून बोलून टाइप केलाय. शुद्धलेखन माझी धाकटी बहीण मनाली हिने तपासलंय. बाकीच्या चुका माझ्या.

सरांची ओळख मनालीमुळे झाली. ती पनवेलला इंजिनिअरिंगला होती, कामोठ्यात मावशीकडे राहायची आणि गणितात मागे पडली म्हणून केळसकर सरांच्या क्लासला जायला लागली होती. मी तेव्हा द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डात लॅशिंगला होतो. ट्रेलरवर ठेवलेले कंटेनर कड्या लावून घट्ट करायचे आणि उतरवायचे असले की सोडायचे, हे काम. यार्डात कंटेनरला कुणी कंटेनर म्हणत नाही, डबा म्हणतात. दर शनिवारी संध्याकाळी मी बाइक घेऊन कामोठ्याला यायचो आणि मनालीला उरणकडे, आमच्या गावी घेऊन जायचो. क्लास सुटायला वेळ असला की बाहेर जिन्यात येरझाऱ्या घालायचो. माझं असंच होतं. एका जागी बसणं जमायचं नाही. शाळा सोडली, मग वडिलांची होडी सोडली, मग गॅरेज, मग टेम्पो. वडील म्हणायचे, "याच्या पायाला भिंगरी हाय. यो यार्ड पन सोडंल."

एका शनिवारी सरांनी दार उघडलं. मला वाटलं, आवाज होतो म्हणून ओरडतील. ते म्हणाले, "तुम्ही मनालीचे भाऊ ना? जिन्यात उभं राहण्यापेक्षा आत बसा. चपला बाहेर काढा फक्त."

मला तोपर्यंत कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. यार्डात मला हाक मारायची म्हणजे 'ए उरण' अशी मारायचे. मी चपला काढल्या आणि शेवटच्या बाकावर बसलो. पुढे कळलं की सर सगळ्यांनाच तुम्ही म्हणतात. सोसायटीच्या वॉचमनला, भाजीवाल्याला, नापास झालेल्यालाही. पण त्या दिवशी मला ते फक्त माझ्यासाठीच वाटलं होतं, आणि ते तसं वाटलं याबद्दल मला अजूनही बरं वाटतं.

समोर भिंतीवर प्रोजेक्टर लावलेला. सरांचा हा क्लास ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, पण समितीने सांगितलं की ग्रंथ बाहेरचेही वाचतील, म्हणून मला समजलं तसं सांगतो. विकलन समीकरण म्हणजे एखादी गोष्ट क्षणाक्षणाला कशी बदलते याचं गणित. कागदावर ते सोडवायला डोकं लागतं आणि पुष्कळदा सुटतही नाही. सर ते संगणकावर चित्र काढून सोडवायचे. पडद्यावर ठोकळे मांडायचे, ते रेघांनी जोडायचे, बटण दाबलं की उत्तराचा ग्राफ आपोआप निघतो. त्यातला मुख्य ठोकळा म्हणजे साठवणारी पेटी, जिला मुलं इंटिग्रेटर म्हणतात. तिच्यात एका बाजूने काही जात राहिलं की ते साठत जातं आणि दुसऱ्या बाजूने तो साठा दिसतो. सरांचा नियम असा की हात माउसला लावण्याआधी चित्र वहीत काढायचं, आणि सुरुवात नेहमी पेट्यांपासून करायची. जे माहीत नाही ते हातात आहे असं समजायचं, त्याला पेट्यांमधून न्यायचं, आणि शेवटी आलेली रेघ वळवून परत सुरुवातीला आणून जोडायची.

त्या दिवशी दोन पेट्या होत्या. सर सांगत होते, "टांगलेलं वजन मधल्या जागेपासून जितकं लांब गेलं, तितकं जोरात ते मागे ओढलं जातं. ही ओढ पहिल्या पेटीत साठवा, वेग मिळेल. वेग दुसऱ्या पेटीत साठवा, किती लांब गेलं ते मिळेल. आणि ते किती लांब गेलं, हेच ओढ ठरवतं. म्हणून रेघ परत मागे." बटण दाबलं. पडद्यावर एक रेघ वर गेली, खाली आली, परत वर गेली, आणि मध्येच तुटली.

मी शेवटच्या बाकावरून बोलून गेलो, "पुढं काय झालं?"

पोरं हसली. मनालीने मान खाली घातली. सर मात्र वळले. "हा प्रश्न मला या वर्गात आजवर कुणी विचारला नाही. ही चौकट बघा. इथे स्टॉप टाइम आहे, दहा सेकंद. म्हणून रेघ थांबली. वजन थांबलेलं नाही."

"ते थांबणारच नाही," मी म्हटलं. "आमचा डबा पण असाच डोलतो."

"कुठला डबा?"

मी सांगितलं. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. यार्डात लॅशिंगवाल्यांतून एकाला क्रेनवर घ्यायचं होतं. रविवारी सकाळी यार्ड मोकळं असलं की थोडा वेळ क्रेनच्या केबिनमध्ये बसायला मिळायचं, आणि नंतर अधिकाऱ्यांसमोर ट्रायल. ट्रेलरवरचा डबा उचलायचा, आडवा पलीकडे न्यायचा आणि खाली ठेवलेल्या डब्याच्या चार कोपऱ्यांवर बरोबर बसवायचा. तीन संधी. पहिली मी घालवून बसलो होतो. वर ट्रॉली, म्हणजे दोर धरून आडवा सरकणारा गाडा, थांबवली की खाली दोरांवरचा डबा पुढे जातो, मग मागे येतो, मग परत पुढे. मी घाईने खाली सोडला आणि तो शेजारच्या डब्यावर घासला. खाली उभ्या असलेल्या जनार्दनकाका पाटलांनी, म्हणजे यार्डातल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरने, कपाळाला हात लावला. "आरं, डबा तुझं आयकत नाय," ते म्हणाले. "तू त्याचं आयकतोस का पन?"

एवढं सगळं मी पंधरा-वीस पोरांसमोर सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मग फळ्यावर एक आडवी रेघ काढली, तिच्यावर ट्रॉली, खाली दोर आणि डबा. "पुढच्या शनिवारी मला दोराची लांबी आणि एका झोक्याला लागणारा वेळ आणून द्या. अंदाजे नको, मोजून."

मी मोजून आणलं नाही. केबिनमध्ये बसल्यावर आकडे सुचतच नाहीत. तसं सांगितल्यावर सर म्हणाले, "ठीक आहे. मग इथेच मोजू." त्याच्या पुढच्या शनिवारी मी आमच्या होडीचा जुना नायलॉनचा दोर आणला. सरांचं घर क्लासच्या वरच, दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या गॅलरीच्या कठड्याला दोर बांधून खाली पार्किंगपर्यंत सोडला आणि टोकाला बाजाराची पिशवी, तिच्यात दोन विटा. मी खाली पिशवी ओढून धरायची, सर वरून एक-दोन-तीन म्हणणार, मनाली मोबाइलवर वेळ मोजणार. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, कठडा सोसायटीचा आहे." समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. एकाने विचारलं, "सर, विहीर खणताय का?" सर म्हणाले, "नाही, डबा उतरवतोय."

दहा झोके मोजले, वेळेला दहाने भागलं. मग सर म्हणाले, आता चार विटा टाका. मी म्हटलं, वजन वाढलं की डबा सावकाश डोलतो, हे मी रोज बघतो. "मला सांगू नका," सर म्हणाले, "दोराला विचारा." चार विटांनाही तेवढाच वेळ लागला. मी स्वतः दोनदा मोजायला लावलं. तेवढाच. मी यार्डात रोज बघत होतो आणि बघितलेलं चूक होतं. फरक वजनाचा नसतो, दोर किती सोडलाय त्याचा असतो. आजही क्रेनवर चढलो की आधी दोराकडे बघतो.

त्या संध्याकाळी सरांनी डब्याचं चित्र सगळ्या वर्गाला काढायला लावलं. प्रत्येकाने आपापल्या वहीत, आणि मीसुद्धा. मला वही मनालीने फाडून दिली. माझा पाय एकसारखा हलत होता. सर जवळून जाताना थांबले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "हरेशराव, तुमच्या पायाचा एक झोका साधारण पाव सेकंदाचा आहे. दोर फार आखूड बांधलाय." सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पाय थांबला.

मग पडद्यावर ठोकळे जोडले गेले. ट्रॉली एकदम थांबवली की ग्राफ जोरात डोलायचा, हे दिसलं. सरांनी विचारलं, "आता कसं थांबवाल?" कुणी म्हणालं हळू, कुणी म्हणालं आणखी हळू. सरांनी हळू करून दाखवलं, डोलणं कमी झालं पण गेलं नाही. मग त्यांनी वेगाची पायरी दोन तुकड्यांत तोडली. आधी वेग अर्धा करायचा. मग अर्ध्या झोक्याएवढा वेळ जाऊ द्यायचा. मग पूर्ण थांबायचं. पहिल्या थांबण्याने डबा जेवढा पुढे झोका घेतो, तेवढा झोका दुसरं थांबणं खाऊन टाकतं. बटण दाबलं आणि रेघ एकदा उठली, खाली आली आणि सरळ पडून राहिली. मी बाकावरून उठलो होतो. निघतानाही तसंच करायचं, अर्धा वेग, मग पूर्ण.

रविवारी सकाळी यार्डात करून बघितलं. जमिनीवर ठेवलेला डबा उचलला, निघालो, अर्धं थांबलो, मनात मोजलं, पूर्ण थांबलो. डबा ट्रॉलीखाली गप्प. जनार्दनकाका खालून वर बघत राहिले. "कोनी शिकवला?" मी म्हटलं, कामोठ्याच्या सरांनी. "क्रेनवर होते का?" नाही, मास्तर आहेत. काका म्हणाले, "मास्तर? मंग आमी चाळीस वर्सं काय केला?"

दुसरी ट्रायल झाली आणि मी ती घालवली.

अर्धं थांबलो, मोजलं, पूर्ण थांबलो, सगळं सांगितल्याप्रमाणे, आणि डबा डोलतच राहिला. खाली लावायला गेलो, एक कोपरा बसला, तीन नाही. अधिकारी म्हणाले, "आता एकच राहिली. ती गेली की लॅशिंग. पुढची भरती कधी निघेल ते मी सांगू शकत नाही." मला माझं पुढचं आयुष्य दिसलं. कड्या लावायच्या, कड्या सोडायच्या. आणि खरं सांगायचं तर त्यापेक्षाही एक गोष्ट दिसली, की मी हेही सोडणार. वडिलांचं म्हणणं खरं होणार. त्या आठवड्यात मी मुकादमाला जवळजवळ सांगूनच टाकलं होतं.

शनिवारी मी कामोठ्याला गेलो तो मनालीला घ्यायला नाही, भांडायला. वर्ग चालू होता. मी चपलाही काढल्या नाहीत. दारातून म्हटलं, "सर, तुमचे ठोकळे पडद्यावर बरे आहेत. माझी ट्रायल गेली."

मनाली पुटपुटली, "दादा, बाहेर चल." सरांनी हातातला माउस खाली ठेवला. "डोलणं वाढलं का हरेशराव, की होतं तेवढंच राहिलं?"

मी रागात होतो, पण प्रश्न असा होता की आठवावंच लागलं. "तेवढंच राहिलं."

"म्हणजे उचलताना होतं तेवढं?"

"हो."

"उचलला तेव्हा डबा स्थिर नव्हता?"

"सर, ट्रेलरवरून उचललेला डबा कधी स्थिर असतो? ट्रेलर तिरका उभा असतो. सुटला की डोलायलाच लागतो. रविवारी जमिनीवरचा उचलला होता, म्हणून जमलं."

सर पडद्याकडे वळले. दुसऱ्या पेटीवर दोनदा टिचकी मारली. पेटी उघडली. आत एक चौकट असते, सुरुवातीला किती साठा आहे ते लिहायची. तिच्यात शून्य होतं. काही लिहिलं नाही की संगणक आपला आपण शून्य धरतो. सर त्या शून्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वर्गाकडे तोंड करून बोलले. ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"चूक माझी आहे. यांची नाही, आणि संगणकाचीही नाही. मी इतकी वर्षं तुम्हाला सांगतोय, पेटी जोडण्याआधी उघडून बघा, तिला विचारा तू सुरुवातीला कुठे होतीस. आणि या वेळी मी स्वतःच विचारलं नाही. मी पुस्तकातला डबा घेतला. यांच्या डब्याची सुरुवात शून्य नव्हती. माझ्या न बघण्यामुळे या गृहस्थांची एक संधी गेली."

मग मला म्हणाले, "मला क्षमा करा. आत या, बसा."

मी कुणाकडून माफी मागून घ्यायला तिथे गेलो नव्हतो. पंच्याहत्तरीच्या लेखात सरांच्या चुकीबद्दल लिहू का, असं मी मनालीला विचारलं होतं. ती म्हणाली, सरांनाच विचार. फोनवर सर म्हणाले, "तेच लिहा. बाकीचे सगळे माझं बरोबर आलेलं लिहितील."

मी बाहेर जाऊन चपला काढल्या आणि आत येऊन बसलो. त्या दिवशी सरांनी स्वतःबद्दल थोडं सांगितलं. ते शिकत होते तेव्हा असली गणितं संगणकावर नव्हती. एक कपाटाएवढं यंत्र असायचं, त्याच्या तोंडावर शेकडो भोकं, आणि त्या भोकांत वायरी खोचून ठोकळे जोडायचे. सुरुवातीची किंमत द्यायला एक गोल खुंटी असायची, ती हाताने फिरवावी लागायची. फिरवल्याशिवाय यंत्र सुरूच व्हायचं नाही. "तिथे विसरायची सोयच नव्हती," सर म्हणाले. "इथे सगळं सोपं झालंय, म्हणून विसरता येतं." त्या यंत्रातली एक लाल वायर त्यांच्या क्लासच्या खिळ्याला टांगलेली असायची. आम्हाला वाटायचं, तुटलेली वायर आहे, कुणी टाकून का देत नाही. त्या दिवसापासून कुणी तसं म्हटलं नाही.

मग सरांनी पेटीत शून्याच्या जागी एक आकडा टाकला आणि बटण दाबलं. ग्राफ अगदी माझ्या ट्रायलसारखा निघाला. दोन टप्प्यांत थांबूनही रेघ जेवढी सुरुवातीला डोलत होती तेवढीच शेवटीही डोलत होती. मला ती रेघ बघून बरं वाटलं, हे विचित्र आहे, पण वाटलं. निदान मी वेडा नव्हतो.

"आता सांगा," सरांनी वर्गाला विचारलं, "डबा डोलतोच आहे. निघायचं कधी?"

पोरांनी पुष्कळ क्षण सुचवले. डबा एका टोकाला असताना, दुसऱ्या टोकाला असताना. सर प्रत्येक क्षण करून दाखवायचे आणि प्रत्येक वेळी डोलणं राहायचं. मला जनार्दनकाकांचं एक बोलणं आठवलं. मला ते कधी कळलं नव्हतं, म्हणून मी आजवर सांगितलंही नव्हतं. मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात हात वर केला असेल. "आमचे काका म्हणतात, डबा निघला का त्याच्यासंगं निघ."

सर थांबले. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे डबा मधल्या जागेवरून पुढे जातोय, त्याच क्षणी, त्याच दिशेने, त्याच वेगाने ट्रॉली." आकडे टाकले. रेघ सपाट झाली. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'श्री. जनार्दन पाटील यांची पद्धत', आणि खाली रेघ मारली. "तुमच्या काकांना चाळीस वर्षांपूर्वीच उत्तर माहीत होतं. आपल्याला आज फक्त कारण कळलं." आणि पुढे म्हणाले, "शून्य धरायचं नसतं. आधी शून्य करायचं, मग पुढे जायचं."

मी ते काकांना सांगितलं. सुट्टी झाल्यावर काका म्हणाले, "नाव नीट लिव्हला ना फल्यावर?"

तिसऱ्या ट्रायलला ट्रेलर मुद्दाम तिरका लावला होता की काय कोण जाणे. डबा उचलला आणि तो चांगलाच हेलकावायला लागला. मी थांबलो. ज्याला जिन्यात उभं राहता येत नव्हतं तो मी, हात जॉयस्टिकवर ठेवून नुसता थांबलो. एक झोका बघितला. दुसरा बघितला. वॉकीटॉकीवर अधिकाऱ्यांचा आवाज आला, "काय, झोप लागली का?" मी डब्याकडेच बघत राहिलो. तिसऱ्या झोक्याला डबा मध्यावरून पुढे निघाला आणि मी त्याच्यासंगं निघालो. डबा ट्रॉलीखाली गप्प झाला. पुढे अर्धं थांबलो, मोजलं, पूर्ण थांबलो. खाली सोडला. नीट न बसलेला डबा दोनदा वाजतो, आधी एक कोपरा, मग बाकीचे. हा एकदाच वाजला, ठक. खाली जनार्दनकाकांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

केबिनमधून उतरल्यावर पहिला फोन सरांना केला. मला वाटलं, शाबास म्हणतील. सरांनी विचारलं, "निघण्याआधी किती झोके थांबलात?" म्हटलं, दोन पूर्ण, तिसऱ्याला निघालो. सर म्हणाले, "बरं झालं," आणि फोन ठेवला. नंतर काकूंनी मनालीला सांगितलं की त्या संध्याकाळी सरांनी सोसायटीत भेटेल त्याला थांबवून ट्रॉली आणि डबा समजावला, वॉचमनलासुद्धा, आणि वॉचमनने मान डोलावून विचारलं, विटा परत बांधायच्या का.

सरांच्या विद्वत्तेबद्दल मी काय लिहिणार. ते बाकीचे लिहितील. मला ज्या गोष्टी आठवतात त्या लहान आहेत. वडिलांनी खूश होऊन सरांसाठी आमच्या तळ्यातला जिताडा पाठवला होता. मला माहीत नव्हतं की ते मासे खात नाहीत. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मला खरं सांगितलं, "आम्ही खात नाही. पण खालचे वॉचमन खातात, त्यांना देतो. चालेल ना तुमच्या वडिलांना?" आणि वडिलांना स्वतः फोन करून विचारलं. वडील इतके बावरले की फोनवर नुसतं "हाय, हाय, चालंल" म्हणत राहिले. त्यानंतर आमच्याकडून नारळ जायला लागले. मनाली त्या वर्षी गणितात पास झाली. आता ती स्वतः पोरांना हे ठोकळे शिकवते, आणि माउस धरण्याआधी वही काढायला लावते.

ओमानला निघण्याआधी सरांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला एक कागद दिला. माझ्या डब्याचं चित्र छापलेलं, दोन पेट्या, रेघा, आणि दुसऱ्या पेटीतल्या सुरुवातीच्या चौकटीभोवती लाल पेनाने गोल. तो कागद माझ्या केबिनच्या काचेला चिकटवलाय. आता उन्हाने पिवळा पडलाय. इथे नवीन पोरं येतात, केरळची, नेपाळची, पाकिस्तानची, आणि सगळी माझ्यासारखीच घाईत असतात. ती विचारतात हे काय आहे. मी मोडक्या हिंदीत सांगतो, पहले देख, डब्बा कहाँ से चला है. वडिलांचं म्हणणं अजून तरी खरं झालेलं नाही. हे काम मी सोडलेलं नाही.

गेल्या काही महिन्यांपासून सरांच्या उजव्या हाताला कंप आहे. क्लासमध्ये आता ते बोलतात आणि माउस विद्यार्थी धरतात. मनालीने हे कळवलं तेव्हा मला इथे दोन दिवस काम सुचलं नाही. गेल्या शुक्रवारी व्हिडिओ कॉल लावला. मी विचारायच्या आधी सरच म्हणाले, "हरेशराव, आता डबा माझ्या हातातच आलाय." काकूंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. कप डोलत होता. सरांनी दोन घोट घेतले, फोन समोर होता हे बहुधा विसरले, आणि कप खाली न्यायला लागले. बशीच्या वर थोडं अंतर असताना हात थांबला. सर कपाकडे बघत राहिले. मी इकडे मनात मोजत होतो. मग त्यांनी कप बशीत ठेवला. एकदाच वाजला.

सरांनी वर बघितलं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

समारंभाला मला रजा मिळालेली नाही. शेवटच्या बाकावर एक जागा मोकळी ठेवावी, एवढी समितीला विनंती. सरांच्या हाताला स्वस्थता लाभो, काकूंची साथ लाभो, आणि त्यांच्या वर्गात 'पुढं काय झालं' असं विचारणारं कुणी ना कुणी सतत येत राहो. सरांच्या पुढच्या आयुष्याच्या पेटीत सुरुवातीची किंमत पंच्याहत्तर आहे, ती आम्ही उघडून बघितलीय. स्टॉप टाइमच्या चौकटीत आकडा टाकायला मात्र आमच्यापैकी कुणीच तयार नाही.